खाट क्रमांक सात: 'हॅव' या क्रियापदाचं एक प्रकरण

जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांच्या नर्सिंग अभ्यासक्रमाला येणाऱ्या बऱ्याच मुलींचं शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात झालेलं असतं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं, त्यामुळे 'हॅव' हे क्रियापद त्यांना अगदी लहानपणी भेटलेलं असतं. 'आय हॅव अ पेन' हे वाक्य झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. अडचण येते ती वॉर्डात, पाळी संपताना, पुढच्या पाळीच्या सिस्टरला इंग्रजीत हँडओव्हर लिहून द्यायची वेळ आली की. तिथे 'माझ्याजवळ पेन आहे' असं वाक्य कधीच लागत नाही. लागतं ते 'सकाळपासून ताप आहे', 'दोनदा उलटी झाली आहे', 'काही खायचं नाही', 'सोनोग्राफी करायची आहे'. ही सगळी वाक्यं इंग्रजीत या ना त्या रूपाने 'हॅव'च्या दारावरून जातात, आणि 'हॅव म्हणजे जवळ असणे' एवढ्या शिदोरीवर त्यांतलं एकही नीट पार पडत नाही.

पुढचं प्रकरण एका नमुना-विद्यार्थिनीचं आहे. त्यामागे कुणी एक मुलगी किंवा एक रुग्णालय नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांच्या वह्यांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका एकाच रुग्णाच्या नोंदीत एकत्र आणल्या आहेत, म्हणजे त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध दिसेल.

खाट क्रमांक सात, पुरुष, वय ५५. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन तिसरा दिवस. विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाला आहे. तिने लिहिलेली नोंद अशी, आणि प्रत्येक वाक्यापुढे तिच्या मनात असलेलं मराठी:

१. 'पेशंट इज फीवर सिन्स मॉर्निंग.' रुग्णाला सकाळपासून ताप आहे.
२. 'इन द वूंड हॅज सम पस.' जखमेत थोडा पू आहे.
३. 'ही इज व्हॉमिटेड टू टाइम्स.' त्याला दोनदा उलटी झाली आहे.
४. 'येस्टरडे नाइट ही हॅज टेकन पेनकिलर.' काल रात्री त्याने दुखण्यावरची गोळी घेतली आहे.
५. 'ही इज हॅविंग टू सन्स.' त्याला दोन मुलगे आहेत.
६. 'ही डजन्ट हॅव टू ईट.' त्याने काही खायचं नाही.
७. 'टुमॉरो ही हॅज टू डू सोनोग्राफी.' उद्या त्याची सोनोग्राफी करायची आहे.
८. 'ही हॅज टू गो होम.' त्याला घरी जायचं आहे.

अशी वही तपासायला घेतली की लाल पेन आपोआप पहिल्या पाच वाक्यांवर चालतं, कारण त्यांतली मोडतोड डोळ्यांना खुपते. शेवटच्या तीन वाक्यांत खुपण्यासारखं फारसं काही नाही. रचनेच्या दृष्टीने ती बरोबर आहेत, म्हणून ती सुटून जातात. धोका मात्र नेमका तिथे आहे. 'पेशंट इज फीवर' वाचून कुठल्याही डॉक्टरला काय म्हणायचंय ते कळतं. 'ही डजन्ट हॅव टू ईट' वाचून त्याला वेगळंच काही कळतं, आणि आपल्याला वेगळं कळलं आहे याचा पत्ता त्याला लागत नाही. म्हणून दुरुस्तीचा क्रम उलटा हवा: आधी सहा, सात, आठ, मग बाकीची.

आधी ती तीन वाक्यं

सहावं वाक्य घ्या. 'हॅव टू' म्हणजे 'करावं लागणे', हे तिला माहीत आहे. 'खायचं आहे' ला 'हॅज टू ईट', तर 'खायचं नाही' ला 'डजन्ट हॅव टू ईट', असा तिचा सरळ हिशोब. मराठीत तो हिशोब जुळतो, कारण 'खायचं नाही' ही मनाईच आहे. इंग्रजीत नकार 'हॅव टू'ला लागला की सक्ती उठते, मनाई येत नाही. 'ही डजन्ट हॅव टू ईट' म्हणजे 'त्याला खाण्याची सक्ती नाही, खाल्लं तर चालेल'. शस्त्रक्रियेआधी किंवा तपासणीआधी उपाशी ठेवलेल्या रुग्णाबद्दल हे वाक्य लिहिलं तर अर्थ पुरता उलटा होतो. पोट रिकामं नसताना भूल दिली तर पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, उपाशी ठेवतात ते त्यासाठीच. इथे हवं आहे 'ही मस्ट नॉट ईट ऑर ड्रिंक'. वॉर्डात रूढ असलेलं 'निल बाय माउथ' (तोंडावाटे काही नाही) किंवा नुसतं 'एनबीएम' लिहिणं त्याहून बरं, कारण त्यात क्रियापदच नाही आणि चुकायला जागा नाही.

'हॅव टू' आणि 'मस्ट' होकारात जवळजवळ सारखेच वाटतात. नकारात मात्र त्यांची तोंडं दोन दिशांना होतात. मराठीत हाच फरक 'खायची गरज नाही' आणि 'खायचं नाही' असा आपण रोज करतो, म्हणजे कल्पना नवी नाही. विद्यार्थिनीला सांगायचं ते एवढंच: 'डजन्ट हॅव टू' लिहिण्याआधी त्या जागी 'गरज नाही' हे शब्द घालून वाक्य मराठीत म्हणून पाहा. 'त्याला खायची गरज नाही' असं म्हणायचं नसेल तर ते वाक्य लिहू नकोस.

सातव्या वाक्यात 'हॅज टू' बरोबर आहे, पुढचा 'डू' घोटाळा करतो. 'ही हॅज टू डू सोनोग्राफी' म्हणजे सोनोग्राफी तो स्वतः करणार, जणू तोच रेडिओलॉजिस्ट. मराठीत 'त्याची सोनोग्राफी करायची आहे' या वाक्यात करणारा कोण हे सांगितलेलंच नसतं आणि सांगायची गरजही नसते. इंग्रजी वाक्याला मात्र कर्ता लागतोच, आणि 'ही' कर्त्याच्या जागी बसला की 'डू'ची जबाबदारी त्याच्यावर येते. बरोबर वाक्य आहे 'ही हॅज टू हॅव अ सोनोग्राफी टुमॉरो'. दोनदा 'हॅव' आलं म्हणून विद्यार्थिनी दचकते आणि एक खोडून टाकते. खोडू नये. पहिलं सक्तीचं, दुसरं 'स्वतःवर करून घेण्या'चं: हॅव ॲन एक्स-रे, हॅव अ ब्लड टेस्ट, हॅव ॲन ऑपरेशन, हॅव ॲन इंजेक्शन. तपासणी किंवा उपचार ज्याच्या शरीरावर होतो तो 'हॅव' करतो. जो करतो तो 'डू', 'टेक' किंवा 'गिव्ह' करतो: टेक्निशियन एक्स-रे 'टेक' करतो, सिस्टर इंजेक्शन 'गिव्ह' करते, रुग्ण दोन्ही 'हॅव' करतो. परदेशी जायची तयारी करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या 'सोनोग्राफी'ला ब्रिटनमधल्या वॉर्डात 'अल्ट्रासाउंड' किंवा 'स्कॅन' म्हणतात.

आठवं वाक्य सगळ्यांत फसवं आहे. 'मला घरी जायचंय' हे मराठी वाक्य दोन अर्थांनी चालतं. लग्न आहे, सुटी संपली, म्हणून जाणं भाग आहे. किंवा मला इथे कंटाळा आलाय, घरी जावंसं वाटतंय. कुठला अर्थ ते आपण आवाजावरून आणि प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत दोन्हींची वाट सुरुवातीलाच वेगळी होते: भाग असेल तर 'हॅज टू', इच्छा असेल तर 'वॉन्ट्स टू'. तिसऱ्या दिवशी, ताप असताना, जखमेत पू असताना रुग्ण 'घरी जायचंय' म्हणतो ती इच्छा आहे. 'ही हॅज टू गो होम' वाचणारा समजेल की घरी काही तातडीचं घडलंय किंवा डिस्चार्ज ठरलाय. 'ही वॉन्ट्स टू गो होम' हेच वाक्य हवं. आणि अर्थ कळला नसेल तर रुग्णाला मराठीत विचारायचं: 'काका, घरी काही काम आहे का, की इथे कंटाळा आलाय?' हा प्रश्न विचारल्याशिवाय इंग्रजी वाक्य बरोबर येऊच शकत नाही. भाषांतराची अडचण इथे खरं तर शुश्रूषेची अडचण आहे.

पहिल्या वाक्याची मुळं

आता मागे येऊ. 'पेशंट इज फीवर' ही चूक हसण्यावारी नेण्याजोगी नाही, तिच्यामागे पक्कं तर्कशास्त्र आहे. मराठीत 'हॅव'ला समांतर असं स्वतंत्र क्रियापदच नाही. आपलं काम 'असणे' आणि नामाला लागणारा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय यांच्या जोडीने चालतं. रुग्णा'ला' ताप आहे. सिस्टर'कडे' थर्मामीटर आहे. तुझ्या'जवळ' पेन आहे का. काका'चे' डोळे पिवळे आहेत. अंगा'त' ताकद नाही. मालकी कसली, कायमची की घटकाभराची, शरीराची की वस्तूची, हे सगळं प्रत्यय सांगतो आणि क्रियापद बिचारं 'आहे'च राहतं. जगातल्या बऱ्याच भाषा असंच करतात: हिंदीत 'मेरे पास', संस्कृतात 'मम', लॅटिनमध्येही आपल्या 'मला'सारखी चतुर्थी. मराठी मुलीला 'हॅव' अवघड जातं ते तिची भाषा अपुरी आहे म्हणून नव्हे. तिची भाषा हे काम वेगळ्या अवयवाकडून करून घेते, एवढंच.

इंग्रजीत 'ला', 'कडे', 'जवळ' यांना शेपटासारखं जोडता येत नाही. मग भाषांतर करताना ते गळून पडतात, 'आहे'चं 'इज' होतं आणि 'रुग्ण ताप आहे' असं वाक्य तयार होतं. शाळेतल्या कार्डावर 'हॅव = जवळ असणे' लिहिलेलं असल्याने ताप, खोकला, मुलगे, दम, शंका या 'ला'वाल्या गोष्टींचा 'हॅव'शी संबंध आहे हे मुलीला सुचतच नाही. ताप काही तिच्या 'जवळ' नसतो.

म्हणून 'हॅव'चा एक अर्थ पाठ करण्याऐवजी मराठी वाक्यातला प्रत्यय शोधायची सवय लावावी. चालू पाळीत कानावर पडलेली वीस मराठी वाक्यं वहीत घ्यायची आणि प्रत्येकातल्या 'आहे'च्या आधीचा प्रत्यय अधोरेखित करायचा. 'ला', 'कडे', 'जवळ' असेल तर बहुतेक वेळा 'हॅव' येतो, आणि मराठीत ज्याला तो प्रत्यय लागला आहे तोच इंग्रजीत कर्ता होतो. 'रुग्णाला' मधला रुग्ण पुढे, मग 'हॅज', मग 'फीवर'. 'चा-ची-चे' असेल तर दोन वाटा मोकळ्या असतात: 'हिज आइज आर यलो' चालतं, 'ही हॅज यलो आइज' ही चालतं, आणि वॉर्डात पहिलं अधिक सहज वाटतं. 'त' असेल तर थांबायचं, कारण तिथेच दुसऱ्या वाक्यातली चूक होते.

'बहुतेक वेळा' म्हटलं, कारण काही 'ला'वाली वाक्यं 'हॅव'कडे न जाता 'बी'कडे, म्हणजे 'इज-आर'कडे, जातात आणि ती पाठच करावी लागतात. भूक, तहान, थंडी, भीती, झोप: 'ही इज हंग्री, थर्स्टी, कोल्ड, अफ्रेड, स्लीपी'. वयही तसंच. यादी छोटी आहे, एका कार्डावर मावते, आणि रोज लागते.

'त'ची गंमत अशी: 'जखमेत पू आहे' यात जखम ही जागा आहे, मालक नाही. इंग्रजीत जागेच्या आधी 'इन' लावला की तिला कर्ता होता येत नाही, म्हणून 'इन द वूंड हॅज' हे वाक्य कर्त्यावाचून लोंबकळतं. त्याऐवजी 'देअर इज सम पस इन द वूंड'. 'वॉर्डात वीस खाटा आहेत' हे मात्र दोन्ही तऱ्हांनी सांगता येतं: 'देअर आर ट्वेंटी बेड्स इन द वॉर्ड' किंवा 'इन' पूर्ण काढून 'द वॉर्ड हॅज ट्वेंटी बेड्स'. 'इन' आणि 'हॅज' एका वाक्यात असे शेजारी दिसले की समजावं, दोघांपैकी एकाला जायचं आहे.

सकाळपासून

पहिल्या वाक्यातला 'इज' काढून 'हॅज' घातला की 'पेशंट हॅज फीवर सिन्स मॉर्निंग' होतं, आणि इथे बहुतेक शिक्षक बरोबरची खूण करून पुढे जातात. ते अजून बरोबर नाही. मराठीत 'पासून' आलं तरी क्रियापद वर्तमानातच राहतं: सकाळपासून ताप आहे, दोन वर्षांपासून मधुमेह आहे, सोमवारपासून इथे आहे. इंग्रजीत एखादी स्थिती मागे सुरू होऊन आतापर्यंत टिकली असेल आणि सुरुवात किंवा कालावधी सांगितला असेल, तर 'हॅज'च्या पुढे तिसरं रूप लागतं. 'हॅव'चं तिसरं रूप 'हॅड'. म्हणून 'द पेशंट हॅज हॅड अ फीवर सिन्स मॉर्निंग'. 'हॅज हॅड' ही जोडी बघून मुली अडखळतात, ती चूकच असणार असं त्यांना वाटतं. पहिला 'हॅज' हा नुसता मदतनीस आहे, दुसरा 'हॅड' खरा ताप सांगतो. 'ही हॅज बीन इल सिन्स मंडे' यात 'बीन' जिथे बसलंय तिथेच हा 'हॅड' बसलाय.

वॉर्डात हे वाक्य इतक्या वेळा लागतं की एकच साचा तयार करून घोकावा: 'ही हॅज हॅड' + त्रास + 'सिन्स' आणि वेळ, किंवा 'फॉर' आणि मुदत. सिन्स मॉर्निंग, सिन्स सिक्स ओक्लॉक, सिन्स द ऑपरेशन. फॉर टू डेज, फॉर अ वीक. सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', लांबी असेल तर 'फॉर'. मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालतं, 'दोन दिवसांपासून' आणि 'सोमवारपासून', म्हणून 'सिन्स टू डेज' ही चूक मराठी माणसाच्या इंग्रजीत इतकी खोलवर रुजलेली आहे.

तापाबद्दल आणखी एक. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत 'ही हॅज अ टेंपरेचर' म्हणजे 'त्याला ताप आहे'. शब्दशः पाहिलं तर तापमान प्रत्येकालाच असतं, म्हणून मुली हे वाक्य अर्धवट समजून पुढे आकडा शोधत बसतात. आकडा नसला तरी वाक्य पूर्ण आहे.

उलटी झाली आहे, गोळी घेतली आहे

तिसऱ्या वाक्यातला 'इज' पुन्हा 'आहे'मधूनच आलेला. मराठीत पूर्ण वर्तमानकाळ 'आहे'ने होतो: आला आहे, गेली आहे, झाली आहे. इंग्रजीत याच कामाला सगळ्या क्रियापदांसाठी 'हॅव' घेतात. मालकीशी त्याचा काही संबंध नाही, हे निक्षून सांगावं, नाहीतर मुली 'हॅज व्हॉमिटेड' मध्येही 'जवळ' शोधतात. 'झाली आहे'मधल्या 'आहे'चं 'हॅज' होतं आणि 'करतो आहे'मधल्या 'आहे'चं 'इज' होतं, एवढा भेद पक्का झाला तर पूर्ण काळाचं निम्मं काम झालं. खूण सोपी आहे: 'आहे'च्या आधीचं रूप 'ला-ली-लं' वर संपत असेल तर 'हॅज', 'तो-ते-त' वर संपत असेल तर 'इज' आणि पुढे 'इंग'. म्हणून 'ही हॅज व्हॉमिटेड ट्वाइस'. 'टू टाइम्स' म्हटलं तर कळतं, पण 'ट्वाइस' अधिक सहज. तीनपासून 'थ्री टाइम्स'.

ही खूण चौथ्या वाक्यात मात्र फसवते. 'काल रात्री गोळी घेतली आहे' हे मराठीत अगदी स्वाभाविक आहे. इंग्रजीत 'काल', 'रात्री दहा वाजता', 'सोमवारी' असा संपून गेलेला नेमका वेळ वाक्यात आला की 'हॅज' निघून जातो आणि साधा भूतकाळ येतो: 'ही टुक अ पेनकिलर लास्ट नाइट'. वेळ नसेल तरच 'ही हॅज टेकन हिज पेनकिलर'. नर्सिंगच्या नोंदीत वेळ लिहिणं बंधनकारकच असतं, त्यामुळे औषध दिल्याच्या बऱ्याच वाक्यांत 'हॅज'ला जागाच नसते. हे समजल्यावर मुलींचं ओझं एकदम हलकं होतं: घड्याळाची वेळ लिहिली असेल तर 'हॅज' लिहू नकोस. 'सो फार', 'यट', 'सिन्स मॉर्निंग' असे आतापर्यंत पोचणारे शब्द असतील तरच लिही. 'येस्टरडे नाइट' असंही म्हणत नाहीत, 'लास्ट नाइट' म्हणतात.

नाश्ता केला का, जेवण झालं का, याला 'हॅव' फार सोयीचं आहे. 'हॅव यू हॅड युअर ब्रेकफास्ट?' हा प्रश्न 'ईट'पेक्षा नेहमीचा. आंघोळीलाही तेच: 'ही हॅज हॅड अ बाथ'.

'हॅविंग' कधी

पाचव्या वाक्यातलं 'इज हॅविंग टू सन्स' भारतभर ऐकू येतं. 'त्याला' आणि 'आहे' दोन्ही सांभाळण्याच्या धडपडीत 'इज' आणि 'हॅव' दोघेही वाक्यात शिरतात, आणि 'इंग' लावल्याशिवाय त्यांना शेजारी बसवता येत नाही. मुलगे असणं ही चालू क्रिया नाही, स्थिती आहे, म्हणून 'ही हॅज टू सन्स'.

यावर सरसकट 'हॅविंग चूक' असा शिक्का मारणारे शिक्षक मात्र नवी चूक पेरतात. 'हॅव'चा अर्थ घडणारी गोष्ट असेल तेव्हा 'हॅविंग' हवंच, आणि वॉर्डात नेमक्या त्याच गोष्टी तातडीच्या असतात. 'शी इज हॅविंग कॉन्ट्रॅक्शन्स', कळा येत आहेत. 'ही इज हॅविंग अ सीझर', आत्ता झटका येतो आहे. 'ही इज हॅविंग डिफिकल्टी ब्रीदिंग', श्वास घ्यायला त्रास होतो आहे. 'ही हॅज सीझर्स' म्हटलं तर झटक्यांचा आजार आहे असा अर्थ होतो, आत्ताच्या आत्ता धावा असा नाही. कसोटी मराठीत आहे: 'येतो आहे', 'होतो आहे', 'करतो आहे' असं म्हणता येत असेल तर 'हॅविंग' चालेल. 'त्याला दोन मुलगे होत आहेत' असं आपण म्हणत नाही, तर इंग्रजीतही नको.

आदर आणि 'हॅव', 'हॅज'

नोंदीत न आलेली एक चूक इथेच सांगायला हवी. रुग्ण वयस्कर असला की मुली 'काका आले आहेत', 'काकांचं जेवण झालं' असं आदरार्थी अनेकवचनात विचार करतात. त्यातून 'माय फादर हॅव डायबेटीस', 'अंकल आर स्लीपिंग' उतरतं. इंग्रजीत आदर क्रियापदात दिसत नाही. कितीही मोठा माणूस असो, एकटा असेल तर 'हॅज'. मात्र 'डज', 'शुड', 'मे' आधी आले की 'हॅज' पुन्हा 'हॅव' होतो: 'डज ही हॅव पेन?' आणि 'ही मे हॅव ॲन इन्फेक्शन'.

सरावाची आखणी

चार आठवडे, रोज पंधरा मिनिटं, पाळी संपल्यावर लगेच. चाळीस कार्डं पुरतात. कार्डाच्या एका बाजूला वॉर्डात प्रत्यक्ष ऐकलेलं मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. एकाही कार्डावर एकटं 'हॅव' आणि त्याचा मराठी अर्थ लिहायचा नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त सक्ती, मनाई, गरज आणि इच्छा यांची बारा कार्डं, म्हणजे सहा आणि आठ क्रमांकाच्या वाक्यांचं कुटुंब. दुसऱ्या आठवड्यात प्रत्यय ओळखायची चौदा, त्यांत तीन-चार 'भूक लागली'छाप अपवाद मुद्दाम मिसळलेले, कारण नुसती 'हॅव'चीच कार्डं असतील तर मुलगी न वाचता 'हॅज' म्हणू लागते. तिसऱ्यात 'पासून' आणि वेळ. चौथ्यात 'हॅविंग', 'हॅज टू हॅव' आणि प्रश्न. कार्ड तीन दिवस लागोपाठ बरोबर आलं की बाजूला. चुकलं की पुन्हा वर.

तपासताना एका वेळी फक्त 'हॅव'ची जागा तपासावी. 'अ फीवर' की 'फीवर', स्पेलिंग, विरामचिन्हं यांना त्या फेरीत हात लावू नये. सगळ्या पानावर लाल रेघा पडल्या की मुलगी त्यांतली महत्त्वाची कोणती हे ओळखू शकत नाही, आणि 'डजन्ट हॅव टू'ची चूक स्वल्पविरामाच्या चुकीइतकीच लहान दिसू लागते.

लिहिण्याइतकंच ऐकणंही शिकवावं लागतं. बोलताना सक्तीचं 'हॅव टू' साधारण 'हॅफ्-ट' असं ऐकू येतं आणि 'हॅज टू' चं 'हॅस्-ट' होतं, तर 'दोन आहेत' या अर्थाच्या 'हॅव टू' मध्ये 'व' स्पष्ट आणि 'टू' लांब असतो. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणून हा फरक वाचून नाही तर मोठ्याने म्हणून शिकायचा. 'हीज' असं ऐकू आलं तर तो 'ही इज' असू शकतो किंवा 'ही हॅज'. पुढे 'हॅड', 'बीन', 'टेकन' असं तिसरं रूप आलं तर बहुधा 'हॅज', 'इंग' किंवा विशेषण आलं तर 'इज'. 'हीज डन' सारख्या जागी दोन्ही शक्य असतात. फोनवरचा आदेश घेताना असं वाक्य आलं तर पूर्ण वाक्य उलट म्हणून दाखवायचं.

एक रचना जाणूनबुजून मागे ठेवावी: 'ही हॅज हॅड हिज ड्रेसिंग चेंज्ड', म्हणजे त्याने ड्रेसिंग बदलून घेतलं. यातला 'हॅड' गळून शब्दांचा क्रम बदलला की 'ही हॅज चेंज्ड हिज ड्रेसिंग' होतं आणि रुग्णाने स्वतःच पट्टी सोडून बांधली असा अर्थ निघतो. वाचताना ही रचना ओळखता यावी. लिहिताना पहिले काही महिने 'द ड्रेसिंग हॅज बीन चेंज्ड' लिहावं.

दुरुस्त नोंद अशी होते: 'द पेशंट हॅज हॅड अ फीवर सिन्स मॉर्निंग. देअर इज सम पस इन द वूंड. ही हॅज व्हॉमिटेड ट्वाइस. ही टुक अ पेनकिलर ॲट टेन लास्ट नाइट. ही मस्ट नॉट ईट ऑर ड्रिंक. ही हॅज टू हॅव अ सोनोग्राफी टुमॉरो. ही वॉन्ट्स टू गो होम.' दोन मुलग्यांचं वाक्य यातून काढलं आहे. ते व्याकरणाने आता बरोबर येतं, पण त्याची जागा दाखल करतानाच्या माहितीत. रात्रपाळीच्या सिस्टरला त्याऐवजी आज रात्री रुग्णाजवळ कोण थांबणार आहे हे हवं असतं: 'हिज एल्डर सन इज स्टेइंग विथ हिम टुनाइट.' या वाक्यात 'हॅव' नाही.